पायी आलेल्या वहिनी, गाडीने आलेले भाऊजी

पेरू देशातील माचू पिचूच्या प्राचीन नगरीस जाण्याचे मार्ग आज मुख्यतः दोन आहेत, आणि त्या दोन मार्गांनी येणारी माणसे नगरीच्या दारात एकत्र आली म्हणजे एकमेकांकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. ओयांतायतांबोहून उरुबांबा नदीच्या काठाकाठाने निघालेली आगगाडी दोन तासांच्या आतबाहेर आग्वास कालियेंतेस या डोंगरतळीच्या गावात पोहोचते, आणि तेथून १९४८ साली, ही नगरी जगापुढे आणणाऱ्या खुद्द हायरम बिंगहॅमच्या उपस्थितीत खुला झालेला वळणावळणांचा घाट बसने अर्ध्या तासात चढून गेले की अंगावरच्या कपड्यांची इस्त्रीही न मोडता माणूस इंका सम्राटाच्या नगरीत दाखल होतो. दुसरा मार्ग पायांचा. त्याच लोहमार्गाच्या ८२व्या किलोमीटरपाशी उतरावे, चौकीवर परवाना आणि पारपत्र दाखवून नदीवरचा पूल ओलांडावा, आणि मग सुमारे ४३ किलोमीटरांची ती वाट, तिच्यावरची ४२१५ मीटर उंचीची वार्मिवान्युस्का खिंड, तिच्यापुढची आणखी एक खिंड, आणि त्यानंतर गुडघ्यांची परीक्षा पाहणारी दगडी पायऱ्यांची लांबच लांब उतरण, एवढे सारे तीन मुक्कामांत मागे टाकून चौथ्या दिवशी पहाटे इंतिपुंकूच्या, म्हणजे सूर्यद्वाराच्या, चौकटीतून नगरीचे प्रथम दर्शन घ्यावे. पहिल्या मार्गाचे लोक दुसऱ्यांच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे आदराने पाहतात की कीव करून, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही. दुसरे मात्र पहिल्यांच्या स्वच्छ बुटांकडे आदराने खचितच पाहत नाहीत.

या दोन मार्गांनी एकाच सकाळी तेथे पोहोचलेल्या दोन मराठी माणसांचे संभाषण, त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी, आग्वास कालियेंतेसमधील एका खाणावळीच्या ओसरीत, परतीच्या गाडीस अवकाश असताना माझ्या कानांवर पडले. किंबहुना मी त्यांच्यातच बसलो होतो आणि मध्ये बोलण्याची सोय त्या दोघांनी मला ठेवली नव्हती, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. त्यांतील बाई महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दुसरे गृहस्थ त्यांचे धाकटे दीर, ज्यांची सारी हयात महसूल खात्यात, कारकुनीपासून डेप्युटी कलेक्टरीपर्यंत, जमिनीच्या उताऱ्यांत आणि अपिलांत गेलेली. ते एकमेकांस ज्या नात्याने हाक मारीत त्याच नात्याने मी त्यांचा येथे उल्लेख करतो. वहिनी पायी आल्या होत्या, भाऊजी गाडीने. आणि मीही गाडीनेच आलो असल्यामुळे या वादात माझी साक्ष निःपक्षपाती मानली जाईल अशी आशा मला नाही.

भाऊजी : वहिनी, अभिनंदन सकाळीच करून झाले आहे आणि ते मनापासून केले आहे, साठी उलटल्यावर चार हजार मीटरांवरची खिंड चढून जाणे ही आपल्या घराण्यात तरी अपूर्व गोष्ट आहे. पण आता स्वस्थपणे बसलो आहोत म्हणून विचारतो. तुम्ही ‘वाट पुरी केली’ असे म्हणता, तेव्हा नेमके काय पुरे केलेत? सूर्यमंदिराचा तो गोल बुरूज, ते तीन खिडक्यांचे देऊळ, त्या पायऱ्यांच्या शेतांच्या रांगा, हा जो सगळा ऐवज पाहावयास तुम्ही चार दिवस शिणलात, तोच मी न्याहारी आटोपून, हातपाय शाबूत ठेवून पाहिला. दगड तेच, धुके तेच, पहारेकऱ्याची शिट्टीही तीच. उलट तुम्ही दमून आल्यामुळे तुमचे निम्मे लक्ष बसण्याच्या जागेकडे होते.

वहिनी : होते, ते मी कशाला नाकारू? पण तुमच्या लेखी ही नगरी बसच्या थांब्यापाशी सुरू होते आणि माझ्या लेखी तो तिचा अखेरचा खंड आहे, इथेच आपले बिनसते. रुंकुराकायचे ते वर्तुळाकार ठाणे मागे पडले म्हणजे पायांखाली जी फरसबंदी लागते ती बहुतांशी इंकांच्या वेळचीच आहे, आणि तिच्यावरून तासभर चालले की वाट आणि वास्तू असा भेद करणे अवघड होऊन बसते. सायाकमार्काच्या पुढे ती एका पाणथळ सपाटीवरून जाते, तर तिथे खाली भर घालून, दोन्ही अंगांनी चिरे लावून, सबंध वाट उचलून घेतलेली आहे. त्याच्यापुढे एक अजस्र शिळा आडवी येते, तर तिच्या मूळच्या भेगेचा फायदा घेऊन आरपार बोगदा काढला आहे आणि त्या बोगद्यातही पायऱ्या कोरल्या आहेत. फुयुपातामार्काहून उतरताना मी एके ठिकाणी मुद्दाम बसून राहिले. एका पायरीची उंची चार बोटे, तिच्या खालचीची गुडघ्याएवढी, तिसरी मध्येच तिरकी. प्रथम वाटले, कारागिराचा हात चुकला. मग बोटांनी चाचपून पाहिले तेव्हा कळले की त्या पायऱ्या बसविलेल्या नव्हत्याच, डोंगराचाच खडक जिथे जसा फुटत होता तिथे तसा त्याने तो फोडला होता. कडेने हातभर रुंदीचे पन्हळ होते, आणि थोडे खाली गेल्यावर ते फरशीखाली शिरून पलीकडे दरीत उतरले होते. पाणी दिसत नव्हते, पण तळव्यांखालून त्याचा आवाज येत होता. वर्षाकाठी सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या डोंगरावर पाचशे वर्षे रस्ता टिकतो तो पूजाअर्चेने टिकत नाही.

भाऊजी : हे तुम्ही आता मला तोंडी सांगितलेत आणि ते मला नीट समजले. याचाच अर्थ असा की समजण्यासाठी प्रत्येकाने चालले पाहिजे असे नाही. ज्याला पाहण्याची दृष्टी आहे अशा एकाने चालून यावे आणि बाकीच्यांना चहा पिताना सांगावे, एवढे पुरेसे होते.

वहिनी : समजले म्हणता, तर सांगा पाहू, नगरीतल्या त्या हिरव्यागार पायऱ्यांखाली काय आहे?

भाऊजी : माती.

वहिनी : वरचा थर मातीचा, तोही बाहेरून आणून घातलेला. त्याखाली वाळू आणि बारीक खडी, आणि सर्वांत खाली चिरे घडविताना निघालेल्या ग्रॅनाइटच्या ढलप्या. या नगरीचा अभ्यास केलेल्या केनेथ राइट या जलअभियंत्याचा अंदाज असा आहे की इथले सुमारे साठ टक्के बांधकाम जमिनीच्या पोटात आहे. म्हणजे तुम्ही सकाळी जे पाहिलेत तो थोरला भाग नव्हे. माझ्यासारखीने हे पुस्तकात कितीदा तरी वाचले होते आणि विद्यार्थ्यांना सांगितलेही असते. पण वाटेवर पायांखालून ते पाणी ऐकल्यानंतर नगरीत शिरले तेव्हा माझी नजर आधी भिंतींकडे न जाता भिंतींच्या बुडाशी असलेल्या पाण्याच्या मोऱ्यांकडे गेली. एवढाच फरक. तो तुम्हांला क्षुल्लक वाटत असेल तर माझा आग्रह नाही.

येथे भाऊजींनी कोकाच्या पानांच्या चहाचा एक घोट घेतला, त्यात आणखी एक चमचा साखर घातली (तो चहा चवीला वाळल्या गवताच्या काढ्यासारखा लागतो आणि साखरेने तो सुधारत नाही), आणि अपिलातील मुद्दे मांडावे त्या सुरात ते पुढे बोलू लागले.

भाऊजी : क्षुल्लक मुळीच वाटत नाही. पण चालण्याने काय कळते याचा जसा तुम्ही पुरावा दिलात, तसा चालूनही काय कळत नाही याचा मी देतो. २४ जुलै १९११ रोजी बिंगहॅम या कड्यावर चढला तो काही तुमची वाट तुडवून नव्हे. उरुबांबाच्या घळीतून खेचरांचा नवा रस्ता निघाला होता म्हणून तो खाली नदीकाठी येऊन पोहोचला. मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याला एक सोल देऊ करून त्याने त्याला वाटाड्या केले. आणि दोनेक तास चढून वर जातो तो काय, रिचार्ते आणि आल्वारेस अशी दोन कुटुंबे इंकांच्याच शेतांत मका आणि बटाटे पिकवून सुखाने नांदत होती. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, आगुस्तीन लिसारागा नावाचा मनुष्य देवळाच्या भिंतीवर आपले नाव आणि साल लिहून गेला होता. आणि ती कुटुंबे अशा अडचणीच्या जागी का राहत होती, हे बिंगहॅमनेच लिहून ठेवले आहे: सैन्यभरती करणारे आणि कर वसूल करणारे अंमलदार तिथवर चढून येत नसत म्हणून! रयतेने आमच्या खात्याविषयी दिलेला इतका स्पष्ट अभिप्राय मी सबंध नोकरीत वाचला नाही.

वहिनी : पण यात चालण्याचा काय दोष?

भाऊजी : दोष पुढे आहे. तोच बिंगहॅम त्याच वर्षी खालच्या अरण्यातून पायपीट करीत एस्पिरितू पांपा येथे गेला. ज्या विल्काबांबाचा, म्हणजे इंकांच्या शेवटच्या राजधानीचा, शोध घेण्यासाठी ती सारी यातायात चालली होती ती राजधानी तीच. त्याचे पाय तिच्या दगडांवर उभे होते आणि त्याला ती ओळखू आली नाही. पुढे आयुष्यभर तो माचू पिचूलाच विल्काबांबा म्हणत राहिला. आणि माचू पिचू खरोखर काय होते, हे कशाने कळले? १५६८ सालच्या एका जमिनीच्या कागदाने. जॉन रो या अमेरिकन अभ्यासकाने तो जुन्या दप्तरातून उजेडात आणला, आणि त्यावरून दिसले की पिचूची जमीन पाचाकुती इंकाच्या खासगीकडील होती. राजधानी नाही, सूर्यकन्यांचा मठ नाही, तर आपल्याकडे ज्याला शेरी म्हणत तशी राजाची जमीन आणि तिच्यावरचा त्याचा वाडा. वहिनी, एका धडधाकट माणसाच्या पायांना जे साधले नाही ते कुणा अज्ञात कारकुनाच्या कागदाने साधले. मी चाललो नाही याचे मला वाईट वाटत नाही ते एवढ्याचसाठी.

वहिनी : कागदाने मालक सांगितला, हे मी तुम्हांला देऊन टाकते. पण मालकाने हीच जागा का धरली, ते कागदात नाही. रुआल्दो मेनेगात या ब्राझिली भूवैज्ञानिकाने २०१९ मध्ये असे मांडले की ही नगरी खडकातील विभंगांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात नेमक्या तिथेच वसविली आहे. खडक निसर्गानेच फोडून ठेवलेला, म्हणून चिरे सहज निघाले आणि पाण्याला वाट मिळाली. त्यावर तज्ज्ञांनी काय म्हणायचे ते म्हणोत; त्या वाटेवर मात्र मी पायरीमागून पायरी खडकाच्या भेगेला धरून उतरलेली पाहिली आहे. आणि दुसरे. तुमची गाडी ज्या नदीकाठाने आली त्या काठाचे जानेवारी २०१० मध्ये काय झाले, ते विसरलात? पुराने आणि दरडींनी लोहमार्ग तोडला, आणि इथे, याच गावात, अडकलेल्या हजारो प्रवाशांना हेलिकॉप्टरांनी उचलून न्यावे लागले. नदीची घळ जवळची आहे, सपाट आहे, आणि बेभरवशाची आहे. ही वाट बांधणाऱ्यांनी ती सोडून दोन खिंडींचा चढ पत्करला.

भाऊजी : म्हणजे केवळ दरडींच्या भीतीने?

वहिनी : केवळ नव्हे. दुसऱ्या खिंडीनंतर हवा स्वच्छ असली तर साल्कान्तायच्या बाजूची हिमशिखरे दिसू लागतात; साल्कान्ताय म्हणजे ६२७१ मीटरांचा, आणि आजही त्या मुलखातले लोक त्याला देव मानतात. योहान राइनहार्ड या मानवशास्त्रज्ञाने तर असेच प्रतिपादन केले आहे की माचू पिचूची जागा आणि तिच्याकडे जाणारी वाट ही या देवांच्या संदर्भातच समजून घेतली पाहिजे. राजाला जर लवकर घरी जायचे असते तर त्याने ही वाट धरली नसती, भाऊजी. त्याला त्या देवांच्या नजरेखालून जायचे होते. तुमच्या गाडीला मोठमोठ्या काचा आहेत म्हणतात, छतालासुद्धा. दिसला का साल्कान्ताय?

भाऊजी : नाही. छताच्या काचेतून ढग दिसले. आणि इंतिपुंकूवर तुम्हांला सूर्य दिसला का?

वहिनी : तिथे ढग होते.

या प्रश्नोत्तरानंतर दोघेही हसले, आणि वाद तिथेच मिटला असता तर तो लिहून ठेवण्याचे मला कारण पडले नसते. वाटेपुरते पाहता मला वहिनींचेच म्हणणे पटले होते. जो रस्ता स्वतःच एक वास्तू आहे तो न चाललेल्या माणसाने, मग तो मी का असेना, निम्मी वास्तू पाहिलेली नाही, असेच म्हटले पाहिजे. परंतु भाऊजींची खरी हरकत अजून यावयाची होती.

भाऊजी : वाटेचे तुमचे म्हणणे मी मान्य करून टाकतो, सबब आता दुसरे विचारतो. तंबू कोणी वाहिला?

वहिनी : हमालांनी. तंबू, भांडीकुंडी, गॅसची टाकी, जेवणाचे टेबल आणि खुर्च्यासुद्धा. लपविण्यासारखे त्यात काही नाही. त्या वाटेवर एका दिवशी ५०० माणसांनाच सोडतात, आणि त्यांत आमच्यासारखे प्रवासी साधारण २००. उरलेले वाटाडे, आचारी आणि हमाल. परवानगीशिवाय आणि अधिकृत वाटाड्याशिवाय त्या वाटेवर जाताच येत नाही, आणि फेब्रुवारीत डागडुजीसाठी ती सबंध बंद असते.

भाऊजी : म्हणजे दर प्रवाशामागे एकाहून अधिक मनुष्य. आणि ओझे?

वहिनी : २० किलो, त्याहून अधिक नाही. या शतकाच्या आरंभी हमालांसाठी वेगळा कायदा झाला आणि तेव्हापासून ८२व्या किलोमीटरच्या चौकीत ओझे काट्यावर चढते. त्याआधी फार मोठी ओझी लादीत असत. मी त्या काट्यासमोर उभी होते. एकाचे गाठोडे थोडे जास्त भरले, तेव्हा त्यातून बटाट्यांची एक पिशवी काढून दुसऱ्याच्या गाठोड्यात गेली, आणि चौकीवरच्या माणसाने वहीत आकडा लिहिला. तुम्हांला ते पाहून बरे वाटले असते.

भाऊजी : वही असली म्हणजे मला बरे वाटते, हे खरे. पुढे सांगा.

वहिनी : पुढे दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्काच्या चढावर मी दहा-दहा पावलांनी थांबत होते. युल्युचापांपाचे माळरान मागे पडले की झाडे संपतात, आणि खिंड वर सबंध वेळ डोळ्यांसमोर दिसत राहते पण जवळ येत नाही. श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटत नाही. कोकाच्या पानांची गुळणी गालात धरून मी डोंगराच्या अंगाला टेकले होते, कारण मागून हमाल आले म्हणजे आपण कड्याच्या बाजूला न सरता डोंगराच्या बाजूला सरायचे असा तिथला दंडक आहे. तोच खालून ‘पेर्मिसो’ असा आवाज आला, आणि एक मनुष्य ते २० किलो पाठीवर घेऊन माझ्या जवळून पळत वर गेला. वय माझ्याहून फार कमी नसावे. पायांत मोटारीच्या टायरच्या चपला, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, आणि एका टाचेच्या भेगेत काळे काहीतरी भरलेले, डिंक की डांबर, कोण जाणे. आम्ही सकाळी निघाल्यावर त्यांनी तंबू आवरायचे, वाटेत आम्हांला गाठून मागे टाकायचे, आणि आम्ही मुक्कामाला पोहोचतो तो तिथे तंबू उभे आणि हात धुवायला ऊन पाणी तयार.

भाऊजी : आणि शेवटच्या दिवशी तुम्हांला पहाटे तीनला उठविले, ते कशासाठी?

वहिनी : तुम्हांला ठाऊक दिसते.

भाऊजी : मला कुस्कोतल्या एका वाटाड्याने सांगितले. सूर्योदयासाठी म्हणून प्रवाशांना उठवितात. पण सूर्यद्वाराकडची चौकी साडेपाचच्या सुमारास उघडते आणि तोवर ते अंधारात रांग लावून बसतात. खरे कारण असे की हमालांना तंबू गुंडाळून खाली उतरून पहाटेची गाडी गाठायची असते. गाडी, वहिनी. तीच, जिला तुम्ही सकाळपासून नावे ठेवता आहात.

वहिनी : शेवटच्या मुक्कामाला, विन्याय वायनाला, आदल्या संध्याकाळी सगळे एकत्र जमले होते. आचाऱ्याने तंबूतल्या शेगडीवर केक केला होता, तो कसा केला हे मला अजून कोडेच आहे. बक्षिसीची पाकिटे वाटली, हात जोडून झाले. मी त्या टाचेच्या माणसाला वाटाड्यामार्फत विचारले की माचू पिचूतला कोणता भाग तुम्हांला आवडतो. तो म्हणाला, आत गेलो नाही कधी.

या वाक्यानंतर भाऊजी काही वेळ बोलले नाहीत. त्यांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ जबान्या घेतल्या असतील आणि कुठे थांबावे हे त्यांना कळत होते. पुढे जे ते बोलले त्यात मघाचा अपिलाचा सूर नव्हता.

भाऊजी : तुम्ही वाटेवर होतात तेव्हा मी ओयांतायतांबोत राहिलो होतो. गावासमोर पिंकुयुना नावाचा उभा डोंगर आहे आणि त्याच्या अंगावर इंकांची कोठारे आहेत. लांबट, अरुंद, वाऱ्याच्या तोंडावर मुद्दाम बांधलेली, धान्य थंड आणि कोरडे राहावे म्हणून. मी रोज सकाळी खाली चौकात बसून त्यांच्याकडे पाहत असे. लिपी नाही, चाक नाही, लोखंड नाही, आणि हिशेब मात्र असा की दहा कुटुंबांवर एक मुखत्यार, शंभरांवर एक, हजारांवर एक, दहा हजारांवर एक. आणि सगळा जमाखर्च दोऱ्यांच्या गाठींत, किपूंत, बांधलेला. त्या हिशेबात रयतेवर रोकड सारा नव्हता. सारा श्रमाचा होता, त्याला मिता म्हणत. तुमची ती अप्रतिम फरसबंदी, तो बोगदा, ती पन्हळी, ही सगळी मिताची कामे. म्हणजे वेठच. स्पॅनिश आले आणि त्यांनी नाव तेच ठेवून माणसे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत लोटली. त्यांना नवी व्यवस्था उभारावी लागली नाही, दप्तर तयारच होते. म्हणून त्या वाटेचे कौतुक ऐकताना मला आधी काटा दिसतो, तुमचा तो चौकीवरचा, आणि मग त्याच्याआधीची शतके दिसतात जेव्हा काटा नव्हता.

वहिनी : इंकांच्या मितात कामकऱ्याला याच कोठारांतून खायला मिळे, मक्याची चिचा प्यायला मिळे, आणि पाळी संपली की तो घरी जाई.

भाऊजी : जेवण घातले म्हणजे वेठ संपते का?

वहिनी : नाही संपत. पण मग एक गोष्ट तुमच्याच दप्तरात नोंदवून घ्या. आज सबंध जगातून माणसे त्या वाटेवर येतात, आणि आम्ही सगळे तिचा वापर यात्रेसाठी करतो, नाहीतर स्वतःला काहीतरी सिद्ध करून दाखविण्यासाठी. ज्या कामासाठी ती बांधली गेली, म्हणजे ओझे एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याला वेळेत पोहोचविणे, त्या कामासाठी तिचा उपयोग आज फक्त तेच करतात. कुठली पायरी निसरडी आहे, कुठल्या वळणावर ओझे टेकवायला दगड आहे, हे त्यांच्या पायांना ठाऊक. माझी वाट सूर्यद्वारापाशी पुरी झाली, भाऊजी, आणि ती मीच पुरी केली. तिथे गुडघे माझेच होते. त्यांची पुरी होत नाही. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा ८२व्या किलोमीटरवर उभे असतील.

भाऊजी : मग त्यांना आत एकदा मोफत सोडायला काय हरकत आहे? एक हुकूम काढला की झाले.

वहिनी : मोफत सोडले तरी पहाटेची गाडी थांबायला हवी ना!

भाऊजींच्या या सूचनेत मला त्यांच्या सगळ्या युक्तिवादाहून अधिक अर्थ दिसला; चालणाऱ्याला आत्मश्लाघेचा दोष देणे सोपे असते, आणि गाडीने आलेल्याला, ज्याच्या गाडीतूनच ती माणसे घरी परतली, त्या दोषातून आपण सुटलो असे वाटणे त्याहूनही सोपे. वाट पायांनी वाचली पाहिजे, हे वहिनींचे खरे. वाचणाऱ्याला तिच्यावर काही हक्क लागत नाही, हे भाऊजींचे खरे. आणि त्या दोन्ही खऱ्यांमधून २० किलोंचे ओझे पाठीवर घेऊन जो वर पळत गेला, त्याच्याविषयी दोघांपैकी कोणालाच निकाल देता आला नाही. मीही तो देत नाही. एवढ्यात पलीकडच्या टेबलावर चोकेकिराओचे नाव निघाले, आणि आमच्या टेबलाला नवा विषय मिळाला.

वहिनी : चोकेकिराओलाही असेच अवशेष आहेत, विस्ताराने फार मोठे, आणि अजून पुष्कळसे रानाखाली. शेतांच्या बांधांत पांढऱ्या दगडांचे लामे बसविलेले आहेत, कळपच्या कळप. रस्ता मात्र नाही. काचोरा गावाहून निघावे, आपुरिमाकच्या दरीत सुमारे दीड हजार मीटरांच्या उंचीवरील पात्रापर्यंत उतरावे, आणि पलीकडे पुन्हा तीन हजारांवर चढावे. आणि त्याच मार्गाने परत.

भाऊजी : आणि तिथे रोपवे करण्याचे घाटत आहे, असे मी ऐकले. करावा. रायगडाला रोपवे झाला तेव्हाही काही लोकांनी नाके मुरडली होती, आणि आज गुडघे गेलेली माणसे महाराजांच्या समाधीपुढे डोके टेकवून येतात. इथेच उत्तरेला कुएलापच्या किल्ल्याला २०१७ पासून तारेवरची गाडी आहे.

वहिनी : कुएलापच्या तटाचा एक भाग २०२२ मध्ये ढासळला. तो रोपवेने ढासळला असे मी म्हणणार नाही, पाणी मुरून ढासळला. पण पाण्याच्या मोऱ्यांआधी तारेच्या गाडीला पैसे मिळतात, हे मी म्हणेन. आणि सोय आत आली की तिच्यामागून काय येते याची खात्री देता येत नाही. २००० साली एका बिअरच्या जाहिरातीचे चित्रण चालू असताना क्रेन पडून इंतिवाताना या कोरीव शिळेचाच कोपरा उडाला, तो तुम्ही आज पाहिलात.

भाऊजी : पाहिला. क्रेनला परवाना कोणी दिला याची चौकशी मी मात्र अजून मनातल्या मनात करतो आहे.

वहिनी : पुढच्या वर्षी मी चोकेकिराओला जाणार. रोपवे होण्याच्या आत.

भाऊजी : आणि मी?

वहिनी : तिथे हमालांऐवजी खेचरे असतात. चढाला खेचरावर बसून येता येते.

भाऊजी : खेचराच्या पाठीवरच्या वजनाला मर्यादा घालणारा कायदा आहे का?

वहिनी : माझ्या तरी ऐकिवात नाही.

भाऊजी : मग माझे नाव घाला.